बालवाडी क्रमांक सातचा विस्मयांक

कुतूहल ही मानवाला लाभलेली सर्वांत पवित्र शक्ती असून ती कोणत्याही मापात मावत नाही, असं राज्याच्या नव्या बालविज्ञान धोरणाच्या पहिल्या पानावर छापलं होतं. ती कशी मोजायची याच्या सूचना दुसऱ्या पानावर होत्या.

हेमलता कुरणे यांनी दोन्ही पानं वाचली. तासखेडच्या बालवाडी क्रमांक सातमधली त्यांची नोकरी इतकी जुनी होती, की एकेकाळी त्यांनी ज्यांची नाकं पुसली ती मुलं आता आपापली पोरं त्यांच्याकडे नाक पुसून घ्यायला आणत होती. धोरणं येतात आणि जातात, हे त्यांना सवयीचं झालं होतं. आधी अक्षरओळख आली, मग ती मुलांवर अन्याय करते म्हणून गेली, मग मधलं एक वर्ष सगळ्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या. आता विज्ञान आलं होतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी प्रयोग करून शिकायचं. बाईंना हे मनापासून पटलं. मुलं नाहीतरी दिवसभर तेच करत होती. फक्त आजवर त्याला उपद्व्याप म्हणायचे.

नवीन होती ती टोपी.

टोप्यांचं खोकं घेऊन आले निनाद बोकील. वय पंचविशीचं, शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि हुद्दा विस्मय समन्वयक. टोपी कापडी होती, कान झाकणारी, हनुवटीखाली नाडी बांधायची. डोक्यावर मधोमध एक दिवा. मदतनीस गोदाक्कांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "ही तर कुंची की ओ, साहेब." तेव्हापासून राज्याने कोट्यवधी खर्चून बनवलेल्या त्या यंत्राला तासखेडात कुंची हेच नाव पडलं.

कुंचीमागचं शास्त्र मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. आपल्याला वाटतं की डोळे बघतात आणि मेंदू समजून घेतो. प्रत्यक्षात मेंदू फार उतावळा असतो. तो आधीच अंदाज बांधून बसतो आणि डोळ्यांना फक्त विचारतो, "मी म्हणतो तसंच आहे ना?" बहुतेक वेळा असतं. म्हणून तर आपण रोजच्या जिन्यावरून न बघता उतरतो. पण अंदाज चुकला, एखादी पायरी कमी निघाली, की मेंदूत विजेची एक बारीकशी लहर उठते. ती कवटीबाहेर पोचेपर्यंत इतकी क्षीण होते की पूर्वी तिला पकडायला प्रयोगशाळा, डोक्याला चिकट मलम आणि मुळीच न हलणारा माणूस लागायचा. आता तारांऐवजी कापडातच विणलेले धागे ती लहर टिपत आणि आत बसवलेली चिप बाकीचा गोंधळ गाळून टाकत असे. बालवाडीसाठीच्या खास आवृत्तीत नाक ओढणं, चुळबुळ आणि 'बाई, हा मला चिमटा काढतोय' यांचंही गाळण होतं. उरायचा तो निव्वळ विस्मय. शून्य ते शंभर. बाईंच्या फोनवर लगेच आकडा, आणि आकडा चांगला असेल तर डोक्यावर हिरवा दिवा.

"आणि तीन महिन्यांची सरासरी साठच्या खाली गेली तर?" बाईंनी विचारलं.

"तर केंद्राचं समायोजन," बोकील म्हणाले.

"म्हणजे बंद."

"बंद नाही मॅडम. हायवेपलीकडच्या मोठ्या केंद्रात विलीन."

बालवाडी क्रमांक सात बाजार समितीच्या आवाराला लागून होती. मुलं हमालांची आणि भाजीवाल्यांची. सकाळी सौदे सुरू असताना तीन वर्षांचं पोर घेऊन हायवे ओलांडायला कुणालाच सवड नव्हती. ती दिवसभर कांद्याच्या पोत्यांमध्ये खेळली असती, आणि पोत्यांमागे ट्रक उलटे येत.

पहिला प्रयोग अंड्याचा. काचेच्या बरणीत साधं पाणी, त्यात अंडं, बुडालं. मग मुलांनी मुठीमुठीने मीठ घातलं, ढवळलं आणि अंडं हळूच वर आलं. सगळ्या कुंच्या हिरव्या झाल्या. विस्मयांक ब्याऐंशी. गोदाक्कांनी तेवढ्यात बरणीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मुलांनी तोच प्रयोग मागितला. एकेचाळीस. तिसऱ्या दिवशी अंडं बुडाल्यावर रिझवान नावाचा चार वर्षांचा मुलगा शांतपणे म्हणाला, "बाई, मीठ कमी हाय. आजून टाका, यील वर." बाईंना त्याला कडेवर घेऊन नाचावंसं वाटलं. एवढ्या वर्षांत एवढं स्वच्छ उत्तर त्यांनी मोठ्या माणसांकडूनही ऐकलं नव्हतं. फोन वाजला: विस्मयांक चौदा. कृपया कुतूहल जागवा.

त्यांनी बोकीलना फोन लावला.

"सर, मुलांना समजलं की आकडा पडतो."

"बरोबर आहे मॅडम. समजलं की अंदाज बरोबर येतो. अंदाज बरोबर आला की लहर उठत नाही."

"मग समजू द्यायचं नाही का?"

"असं धोरणात कुठेही म्हटलेलं नाही."

"समजू द्यायचं, असं म्हटलंय?"

पलीकडे बराच वेळ पानं चाळल्याचा आवाज आला. "तसंही नाही," बोकील प्रामाणिकपणे म्हणाले.

मग बाईंनी रोज नवा प्रयोग काढला. लोहचुंबक झाला, आरसा झाला, भिंग झालं, हळदीच्या पाण्यात साबण टाकून लाल करणं झालं. चार वर्षांच्या मुलाला थक्क करणं सोपं असतं, पण रोज, वेळेवर आणि सरासरी राखून थक्क करणं हे जादूगाराचं काम आहे, आणि जादूगारालाही रोज नवं गाव मिळतं. बाईंचं गाव तेच होतं आणि मुलं हुशार होत चालली होती. आकडा पन्नाशीला आला.

प्रौढांवर ही कुंची चालते का, हे पाहण्यासाठी बाईंनी एक दिवस ती घरी नेली आणि नाडी सैल करून नवऱ्याला घातली. वसंतराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. तिथे रंगकाम हे त्यांचं खातं. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. सरकार पडल्याची बातमी आली. विस्मयांक दोन. बाई म्हणाल्या, "मी नोकरी सोडतेय." तीन. चहात साखरेऐवजी मीठ घालून दिलं. ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. चार. मग ते उठले, आंघोळ करून आले आणि ओला टॉवेल गादीवर टाकला. बाई हातात फोन धरून बसल्या होत्या, त्यामुळे बोलायचं राहून गेलं. वसंतरावांनी वाट पाहिली. मागे वळून पाहिलं. कुंचीचा दिवा भक्कन हिरवा झाला. एक्याण्णव.

"अगं, तुला बरं वाटत नाहीये का?" त्यांनी घाबरून विचारलं.

बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "अहो, मला एक तरंगणारा दगड करून द्याल का?"

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने कारण विचारलं असतं. वसंतरावांनी विचारलं, "कातळ पाहिजे की नदीतला गोटा?"

गणपतीच्या आराशीत तासखेडात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी केलेल्या कैलासावर एकदा खरी खार चढली होती. थर्माकोलवर बंदी असल्यामुळे तो सगळीकडे मिळत होता. त्यांनी दोन दिवस खपून गोटा कोरला, त्यावर पुठ्ठ्याचा लगदा, त्यावर वाळू, त्यावर रंगाचे पाच हात, एका अंगाला शेवाळ आणि वर पाणी न शिरणारं वॉर्निश. बाईंनी हातात घेतला तर त्यांचा स्वतःचाच हात वर उडाला.

"झकास झालाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांना थोडी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टबभर पाण्यात आधी खरा दगड टाकला. बुडाला. मग दुसरा. बुडाला. मग तो गोटा टाकला. गोटा डुलत राहिला. त्र्याण्णव. गोदाक्का कानाशी येऊन कुजबुजल्या, "बाई, खाली देवाचं नाव लिवलंय का?"

"मी घेऊ हातात?" एक मुलगी पुढे झाली. स्वरांगी जमदाडे. बापाबरोबर पहाटे बाजारात येऊन भोपळ्यांवर बसणारी, आणि बालवाडीतली प्रत्येक वस्तू आधी हुंगून मग वापरणारी.

"नाही हं," बाई घाईने म्हणाल्या. "याला हात लावायचा नाही. झोपलाय तो."

स्वतःच्या हातांनी शिकण्याच्या वर्गात हात लावायला बंदी झाली, हे बाईंच्या लक्षात आलं. पण आकडाही आला होता, आणि एका वेळी माणसाच्या लक्षात किती येणार? गोटा दर आठवड्याला वेगवेगळ्या रूपात तरंगू लागला. वसंतरावांनी त्याला एक वीट आणि एक वरवंटा अशी भावंडं केली. सरासरी चौसष्टवर स्थिरावली.

आणि एका सकाळी स्वरांगीचे वडील आले. जमदाडे लाल भोपळ्याचे व्यापारी, आवाज सौद्यातला.

"बाई, तुमी काय शिकवताय पोरास्नी?"

"का हो, काय झालं?"

"आमच्या पोरीनं पाट्यावरचा वरवंटा गच्चीवरच्या टाकीत टाकला. वरनं, दोन्ही हातांनी. टाकी फुटली. खाली माझी आई वाळवण राखत बसलेली, ती भिजली, कुरडया भिजल्या. इचारलं, का गं टाकलास? तर म्हणती, तरंगतो का बघत हुते. मी म्हणलं, खुळे, दगड कवा तरंगतो का? तर माझ्या तोंडावर म्हणती, तुमाला न्हाई म्हाईत. बाईंनी दाखवलंय."

बाईंनी स्वरांगीकडे पाहिलं. ती बापाच्या पायजम्याला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, चिंता होती. बाईंचा दगड तरंगतो आणि घरचा बुडतो, तर घरच्या दगडात काय बिघाड आहे, अशी.

"तुमचं काई चुकत नसंल बाई," जमदाडे जरा नरमले. "पण ती आता आमचं कायबी ऐकत न्हाई. निस्ता तुमच्यावर इस्वास."

हे वाक्य बाईंना टाकीपेक्षा जड गेलं. त्या रात्री नीट जेवल्या नाहीत. वसंतरावांनी मुद्दाम टॉवेल दोरीवर वाळत घातला, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

तेवढ्यात उपसंचालक येणार असल्याची वर्दी आली. प्रत्यक्ष पाहणीतला आकडा दुप्पट वजनाने धरला जाणार होता. म्हणजे त्या दिवशी जमलं तर सगळं जमलं, नाहीतर हायवे. पर्यवेक्षिका टिळेकर मॅडम दोन दिवस आधी आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "रंगीत तालीम घेऊ."

"मॅडम, तालीम घेतली तर मुलांना आधीच माहीत होईल. मग विस्मय कसला?"

"कुरणेबाई, पाहुणे येणार आणि तालीम नको? मागच्या वेळी स्वागतगीतात मुलं भोकाड पसरून रडली, आठवतंय ना?"

आपल्याकडे पाहुण्यांसमोर काहीही अचानक घडू द्यायचं नसतं, आश्चर्यसुद्धा. टिळेकर मॅडमनी मुलांना रांगेत बसवलं. "दगड तरंगला की मी टाळी वाजवीन. टाळी वाजली की सगळ्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवायचे आणि म्हणायचं, अय्या! मुलांनीसुद्धा. रिझवान, तू 'अरेच्चा' म्हटलंस तरी चालेल." सात वेळा तालीम झाली. सातव्या वेळी 'अय्या' इतकं एका सुरात आलं की बाजारातल्या हमालांनी दाद दिली. विस्मयांक शून्य.

"यंत्राचा दोष," टिळेकर मॅडम म्हणाल्या.

पाहणीच्या दिवशी उपसंचालक पाटणकर लहान मुलांच्या खुर्चीवर अंग चोरून बसले. शेजारी बोकील मोठा पडदा घेऊन उभे. पडद्यावर आकडा सगळ्यांना दिसणार होता. टबात दोन दगड बुडाले. मग बाईंनी गोटा सोडला. गोटा डुलला. टाळी वाजली.

"अय्या!" वर्गाने म्हटलं.

"अरेच्चा," रिझवान म्हणाला.

पडद्यावर सहा आले. पाटणकरांनी बोकीलकडे पाहिलं. बोकीलनी पडद्यामागे जाऊन वायर हलवली. आकडा पाचवर आला. टिळेकर मॅडमनी पुन्हा टाळी वाजवली. "अय्या!" चार.

"बाई," स्वरांगी उभी राहिली. "आज तरी मी हातात घेऊ? आज तो जागा आहे. एवढ्या टाळ्या वाजल्या."

टिळेकर मॅडम डोळ्यांनी 'नाही, नाही' करत होत्या. बाईंना समोर दोन गोष्टी दिसत होत्या. दगड हातात दिला नाही तर बालवाडी आकड्याने जाणार. दिला तर अब्रूने जाणार, आणि वर ही पोरगी जाणार, जिचा आपल्यावर बापापेक्षा जास्त विश्वास आहे. पण मग त्यांना वाटलं, ती तर टाकी फुटली तेव्हाच गेली. फक्त तिला अजून ठाऊक नाही.

"घे," त्या म्हणाल्या.

वजन उचलताना मेंदू काय करतो, हेही त्याच शास्त्रात येतं. वस्तू पाहूनच तो ठरवतो की किती जोर लागेल, आणि स्नायूंना तेवढा हुकूम आधीच सुटलेला असतो. स्वरांगीने पाय फाकवले, कंबर वाकवली, भोपळा उचलतात तसा दोन्ही हातांनी गोटा धरला आणि दात आवळून उचलला. गोटा तिच्या डोक्यावरून मागे उडाला, ती टबाशेजारी बसकण मारून पडली आणि गोटा पाटणकरांच्या मांडीवर जाऊन विसावला. पाटणकर किंचाळले, मग आपल्याला काहीच लागलं नाही हे लक्षात येऊन आणखी दचकले.

स्वरांगीने जाऊन गोटा त्यांच्याकडून परत घेतला. हुंगला. चाटला. मग एका कोपऱ्याला कडकडून चावली. शेवाळाखालून पांढरे मणी भुरुभुरु गळाले.

"बाई, हा दगड न्हाईये."

"नाही गं."

"तुमाला म्हाईत होतं?"

"हो."

"पयल्यापासनं?"

"पहिल्यापासून. मी तुम्हाला फसवलं."

वर्ग गार पडला. दगड बुडतो, सूर्य उगवतो, बाई खरं बोलतात, अशी त्या मुलांच्या जगाची घडी होती. तिचा मधला मोठा खांबच निघाला. टिळेकर मॅडमनी सवयीने टाळी वाजवली, पण गालावर कुणाचाही हात गेला नाही. एकेक कुंची हिरवी होत गेली. पडद्यावर अठ्ठ्याण्णव आले.

"सर," बोकील कुजबुजले, "राज्यातला उच्चांक आहे."

पाटणकरांनी पँटवरचे पांढरे मणी झटकले. "बाई, म्हणजे हे सगळं तुम्ही ठरवून केलंत का? आधी भ्रम, मग भ्रमनिरास? तशी काही पद्धत?"

हा हात देण्याचा प्रयत्न आहे, हे बाईंना कळलं. "नाही साहेब. साधी फसवणूक होती."

"हे तुम्ही जरा वेगळ्या शब्दांत..."

"मिस्टरांनी करून दिला होता."

राज्याच्या शिक्षण खात्यात असा पेच पूर्वी आलेला नव्हता, म्हणून त्याने दोन्ही गोष्टी केल्या. बाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि त्याच आठवड्यात सन्मानचिन्हही मिळालं. सगळ्या बालवाड्यांना आदेश गेला की दर शुक्रवारी मुलांकडून एक खोटा दगड फोडून घ्यावा. वसंतरावांना गणपतीचा हंगाम नसताना एवढी मागणी पहिल्यांदाच आली. पण कोरलेला गोटा फोडण्यासाठी आहे हे त्यांना सहन होईना; त्यांनी कामात हात आखडता घेतला आणि शेवाळ रंगवणं बंद केलं.

बाईंच्या वर्गात मात्र शुक्रवार झालाच नाही. त्या दिवसानंतर स्वरांगी त्यांच्या हातून काही घेईना. केळं दिलं तर आधी सोलून, पिळून, रिझवानला खायला घालून बघायची. बाईंनी बाजारातून वजनाचा जुना दगड मागून आणला, टब भरला आणि टबापासून लांब जाऊन बसल्या. हात लावायला सगळ्यांना मोकळीक. मुलांनी दगड उचलला, आपटला, पायावर पाडून घेतला, हुंगला. स्वरांगीने दोन ठिकाणी चावून पाहिला आणि एक दुधाचा दात हलवून घेतला. मग दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. डुबुक. पुन्हा काढला, पुन्हा सोडला. डुबुक. सकाळभर हेच चाललं. विस्मयांक तीन.

जेवणाच्या सुट्टीत ती ओल्या फ्रॉकनिशी बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"हा खराय," ती म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिने नाक पुढे केलं. बाईंनी पदराने पुसलं.

पुढच्या दोन महिन्यांत सरासरी एकेचाळीसवर आली. "मॅडम, शुक्रवारचा दगड फोडा हो," बोकीलनी फोनवर अगदी कळवळून सांगितलं. "एकच फोडा. मी येऊन धरतो पाहिजे तर. नाहीतर एक तारखेला समायोजन आहे."

"सर, त्यांना आता दगड कळलाय."

"तोच तर प्रॉब्लेम आहे मॅडम."

बाईंनी खेळणी खोक्यांत भरायला घेतली. जमदाड्यांनी भोपळ्यांच्या गाळ्यातला एक कोपरा मोकळा करून ठेवला. बंद झाली तर पोरं तिथे बसवू म्हणाले. गोदाक्कांनी तो झाडूनही घेतला.

एक तारखेच्या आधी राज्यभरातल्या टोप्या परत मागवण्यात आल्या आणि विस्मयांकाची अट बेमुदत स्थगित झाली, त्यामुळे बालवाडी क्रमांक सात जागच्या जागी राहिली. सगळ्या मुलांच्या डोक्यांत उवा झाल्या होत्या.